आक्काताईंच्या मशीनवरचा बॅकप

भाऊसो चौगल्यांनी आयुष्यात शहाणपणाचे निर्णय पुष्कळ घेतले, खरं त्यातला जो सगळ्यात शहाणपणाचा होता, त्यानंच त्यांचा घात केला.

उद्यमनगरात त्यांचा कास्टिंगचा कारखाना, आणि कारखान्याच्या माडीवर ऑफिस. ऑफिसात कॉम्प्युटर चार. एक भाऊसोंचा, एक परदेशी गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या प्रसेनजीतचा, एक मनालीचा आणि एक आक्काताईंचा. आक्काताई म्हणजे भाऊसोंच्या मंडळी. माहेर कागलकडचं, त्यामुळं बोलणं सीमेवरचं, ‘मी जातो, मी करतो’ असं पुरुषी आणि रोखठोक. लग्न ठरलं तेव्हा मुलीचं नावच आक्काताई आहे म्हटल्यावर भाऊसो हबकले होते, की बायकोला आक्का म्हणून हाक मारायची कशी? तेव्हापासून ते तिला ‘ऐकलंस काय’ एवढंच म्हणतात. आणि ती ऐकते. नको तेवढं ऐकते.

मनाली ही राजारामपुरीत कॉम्प्युटरचा कोर्स केलेली पोरगी. घेतली टायपिंगला, खरं दोन वर्षांत सगळं तंत्र तिच्या हातात गेलं. चारी मशीन वायरीनं एकमेकांना जोडली ती तिनंच. वायर भिंतीच्या कडेनं नेताना तिनं देवाचा फोटो हलवला, भाऊसोंची खुर्ची हलवली आणि कुणाला विचारलं नाही. असं माणूस ऑफिसात एखादंच असावं. जास्त झाली तर मालकाला घरीच बसावं लागतं.

गोष्ट २००४ सालची. त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या धक्क्यानं प्रसेनजीतच्या मशीनची डिस्क गेली. तेव्हाचा मेल आतासारखा बसल्या जागी फोनवर दिसत नव्हता. टेलिफोनची तार जोडायची, मेल उतरवून घ्यायचा, आणि एकदा उतरला की तो त्या मशीनच्या पोटात. दुसरीकडं कुठं त्याचं नाव-निशाण नाही. त्यामुळं डिस्क गेली तशी जर्मनीच्या गिऱ्हाइकाशी झालेली वर्षभराची बोलणी गेली. प्रसेनजीतनं फोन करून सगळं परत मागवलं, तेव्हा पलीकडच्या बाईनं काळजीनं विचारलं म्हणे, तुमच्याकडं आग लागली होती काय. भाऊसोंना ते फार लागलं.

मनाली म्हणाली, "साहेब, दर शनिवारी सगळ्यांच्या मेलच्या फाइलींची कॉपी दुसऱ्या मशीनवर ठेवूया. बॅकप म्हणतात त्याला. एक मशीन मेलं तरी दुसऱ्यावर सगळं शाबूत."

"कुणाच्या मशीनवर?"

"जागा कुणाकडं जास्त आहे बघते."

भाऊसोंना बघायची गरज वाटली नाही. चौगल्यांच्या घरात सोनंनाणं, जमिनीची खरेदीखतं, पोरांचे दाखले, एवढंच काय पण आजऱ्याहून आलेले काजू, जे काही मोलाचं असेल ते बायकोच्या कपाटात जाई आणि किल्ली तिच्या कमरेला. भाऊसोंच्या आज्याच्या काळापासनंची रीत. पुरुषांनी मिळवायचं आणि बायकांनी कुलपात घालायचं, मग पुरुषांनी मागायचं आणि बायकांनी ‘कशाला’ म्हणून विचारायचं.

"मोलाची चीज हाय न्हवं?" भाऊसो म्हणाले. "मग हिच्या मशीनवर ठेव. तिथनं काजूसुद्धा हलत न्हाय."

झालं. आक्काताईंचं मशीन नवं, डिस्क मोठी, आणि त्यावर हिशेब सोडला तर नुसता पत्त्यांचा डाव. मनालीलाही ते पटलं. भाऊसोंना वाटलं बॅकप म्हणजे तोंड शिवून लाखेचं सील मारलेलं पोतं. ते सोडून कुणी आत डोकावू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता त्यांच्या मेलमध्ये लपवण्यासारखं होतं तरी काय? पावणं, भलता संशय घेऊ नका. बाई नव्हती. म्हैस होती.

भाऊसोंचं घराणं मूळचं दुधाचं. बापाचा गंगावेशीत दूध कट्टा होता. सकाळ-संध्याकाळ म्हशी थेट कट्ट्यावर यायच्या आणि गिऱ्हाईक उभ्या उभ्या धारेचं दूध प्यायचं. त्याच बापानं एकेक करून म्हशी विकल्या आणि पोराला पहिलं लेथ मशीन घेऊन दिलं. भाऊसो पुढं मोठे झाले, बंगला बांधला, गाडी घेतली. बंगल्याच्या मागं हौसेनं एक म्हैसही बांधली. आणि एक दिवस मुंबईहून माल तपासायला साहेब आले, ते दुपारपर्यंत ऑफिसात बसून राहिले, आणि मालक गोठ्यात अडलेल्या म्हशीचं बाळंतपण करत बसले. त्या संध्याकाळी आक्काताई म्हणाल्या, "या घरात एकतर म्हैस ऱ्हाईल, न्हायतर मी."

भाऊसो उत्तर द्यायच्या आधी जरासं थांबले. तेवढं थांबायला नको होतं. आठवडा संपायच्या आत म्हैस गेली.

तिथंच संपलं असतं, खरं कोल्हापुरात दर वर्षी दिवाळीचा पाडवा येतो. त्या दिवशी म्हशींची शिंगं रंगवतात, कपाळाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात तोडे. मालक फटफटीवर पुढं आणि म्हैस त्याच्या हाकेमागं धावत. पेठापेठांतून माणूस लोटतो. लहानपणी भाऊसो बापाच्या पुढ्यात बसून त्यात मिरवले होते. आता दर पाडव्याला ते बघ्यांच्या गर्दीत उभे राहत. कारखानदार असले म्हणून काय झालं? म्हैस नसलेला माणूस त्या दिवशी कोल्हापुरात कुणीच नसतो. भाऊसो घरी येऊन न जेवता पडून राहत आणि आक्काताईंना सांगत की पित्त झालंय.

म्हणून त्या वर्षी त्यांनी बेत रचला. गुपचूप म्हैस ठरवायची. पाडव्यापर्यंत ती बाहेर ठेवायची. आणि पाडव्याच्या सकाळी शिंगं रंगवून थेट दारात उभी करायची. सणाच्या दिवशी दारात आलेल्या लक्ष्मीला न ओवाळता परत लावील, अशी सवाष्ण उभ्या जिल्ह्यात मिळायची नाही. आणि एकदा ओवाळली की ती घरची झाली. मग रडा नाहीतर पडा. फक्त तोवर आक्काताईंना सुगावा लागता कामा नये. लागला की बेताचा बोऱ्या वाजला, आणि भाऊसो पुन्हा बघ्यांत.

म्हैस शोधायला धरला हुपरीचा गुंडू. गुंडू म्हणजे हेड्या, जनावरांचे सौदे जुळवणारा. ह्या बाजारातलं जनावर त्या बाजारात आणि दोन्हीकडची दलाली ह्याच्या खिशात. फोनवर बोलायची सोय नव्हती, कारण ऑफिसचा फोन आक्काताई उचलत आणि मोबाइल त्याच ठेवत. खरं हुपरीत चांदीवाल्यांच्या जिवावर सायबर कॅफे निघाले होते, आणि त्यातला एक गुंडूच्या भाच्याचा होता. दोन वर्षं माउसला हात न लावणारे भाऊसो आठवड्यात मेल शिकले. साहेब आता जर्मनीशी थेट बोलाय लागले, म्हणून ऑफिसात कौतुक झालं. भाऊसोंनीही ते मनावर घेतलं आणि जर्मनीच्या गिऱ्हाइकाला खरोखरच आपला पत्ता देऊन टाकला. मग मेलमध्ये ‘जर्मनी’ नावाचा एक फोल्डर केला आणि गुंडूचे मेल, आपली उत्तरं, सगळं त्यात टाकलं. जर्मनीवाल्याचेही त्यातच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

गुंडूचे मेल म्हणजे फोटो. ‘मालक, शिंग बघा.’ ‘मालक, कास बघा.’ ‘मालक, शेपटी बघा.’ पिराजी नावाच्या म्हाताऱ्याची म्हैस होती ती. काळीभोर, कपाळ रुंद, शिंग असं वळलेलं की भाऊसोंना खुर्चीत बसवेना. प्रत्यक्ष बघायला येतो म्हणाले तर गुंडू कळवायचा, पिराजीला नजरेचं लई भ्या हाय, पाडव्यालाच बघा. मग भाऊसो दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी, असे मेल लिहीत बसायचे. सुरुवातीला म्हशीची चौकशी. पुढं पुढं काहीबाही. बापाचा कट्टा कसा होता, शाळेत जाताना एक म्हैस कशी वेशीपर्यंत मागं यायची. गुंडूला त्यातलं ओ की ठो कळत नसणार. तो उलट टपाली आणखी एक फोटो पाठवायचा.

दसरा झाला त्या आठवड्यात प्रसेनजीतच्या हातून एक कामाचा मेल पुसला गेला. तो कपाळाला हात लावतोय तोवर मनाली उठली, आक्काताईंच्या मशीनवर बसली, चार ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत तो मेल अख्खाच्या अख्खा पडद्यावर. प्रसेनजीत खूश. भाऊसो दारात उभे होते, ते तिथंच थिजले.

"पोरी, हे काय केलंस?"

"बॅकप उघडला साहेब."

"असा उघडतोय? कुणाचा पण?"

"होय की. तुमचा पण उघडतो. दाखवू?"

"नको नको," भाऊसो म्हणाले, आणि आपल्या टेबलाकडं वळले.

हिशेब त्यांच्या ध्यानात आला. गणपतीपासनं दर शनिवारी त्यांची म्हैस, शिंगं, शेपटी आणि कासेसकट, त्यांच्याच हुकुमानं बायकोच्या मशीनवर जाऊन बसत होती. चोरानं चोरी करावी आणि माल स्वतःच्या हातानं फौजदाराच्या घरी पोचवावा, वर पोचपावतीही मागू नये. आक्काताई शेजारच्या टेबलावर चलनं लावत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. भाऊसोंनी मनाला समजावलं, हिला मेलातलं काय कळतंय, ही पत्ते खेळणारी बाई. खरं मन काही समजेना.

पहिला उपाय त्यांनी शनिवारीच केला. चार वाजता सगळ्यांनी आपापला मेल बंद करायचा आणि मग मनाली कॉपी घ्यायची, असा नेम होता, कारण उघडी फाइल कॉपी होत नाही. भाऊसोंनी बंदच केला नाही.

"साहेब, मेल बंद करा."

"जर्मनीचा येणाराय."

"जर्मनीला शनिवारी सुट्टी असते."

"मग कुणीतरी चुकून कामाला आलेला असंल. तू जा घरी."

मनालीनं भुवया चढवल्या. सोमवारी तिनं सगळ्यांच्या देखत सांगितलं, की या शनिवारी एकट्या साहेबांचा बॅकप झाला नाही, आणि आता साहेबांची डिस्क गेली तर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत. आक्काताईंनी चष्म्यावरनं नवऱ्याकडं बघितलं. झाकायला जावं आणि तेच उघडं पडावं, तशी गत. शिवाय जुन्या शनिवारांचं काय? ते तर तिथं होतेच.

मग दुसरा उपाय सुचला आणि तो सुचल्यावर भाऊसोंना स्वतःचंच कौतुक वाटलं. मनाली प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होती तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्या शनिवारची कॉपी ठेवलीस की ती आधीच्या जाग्यावरच बसती न्हवं? पाटी पुसून परत लिहिल्यागत?"

कागद फाटला. मनाली दातओठ खात "हं" म्हणाली.

तेवढं ‘हं’ भाऊसोंना पुरलं. म्हणजे आपल्या मशीनवरनं म्हैस पुसायची, मग मनालीला खुशाल कॉपी करू द्यायची. रिकामी फाइल जाऊन जुनीवर बसली की आक्काताईंकडची म्हैसही गायब. ना रहेगा बाँस. शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दार लोटलं आणि फोटो एकेक करून शेवटचे बघून घेतले. शिंगाच्या फोटोवर ते दोनदा परत आले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं त्यांना वाटलं की असलं शिंग आता पृथ्वीवर परत व्हायचं नाही. डोळे पुसले. आणि एकेक मेल पुसत बसायचा जिवाला त्रास नको म्हणून अख्खा ‘जर्मनी’ फोल्डरच पुसला. वर कचऱ्याची पेटीही रिकामी केली. चार वाजता कुणी सांगायच्या आत मेल बंद केला.

"आज शहाण्यासारखं वागलासा," आक्काताई म्हणाल्या.

भाऊसो त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

सोमवारी सकाळी प्रसेनजीत आला. "साहेब, त्या व्हॉल्व्हच्या बॉडीचं सुधारलेलं ड्रॉइंग जर्मनीनं तुमच्याकडं पाठवलंय न्हवं? दसऱ्याच्या आधी आलतं. साच्यासाठी पॅटर्नवाला खोळंबून बसलाय."

भाऊसोंनी मेल उघडला. ‘जर्मनी’ फोल्डर कुठला असणार? त्यांची पाचावर धारण बसली. म्हशीबरोबर आपण जर्मनीही बुडवली, हे त्यांना तेव्हा उमगलं.

"परत मागव की," ते चाचरत म्हणाले.

"साहेब, उन्हाळ्यात एकदा सगळं मागवलंय. आता परत मागितलं तर ते ऑर्डरच दुसरीकडं देतील. आणि द्यावीच की, त्यांचं काय चुकलं?"

मनाली लगबगीनं आली. "कशाला मागवायचं? बॅकप आहे की. गेल्या शनिवारी तुमची फाइल एकदम हलकी आली साहेब, तेव्हाच मला शंका आली. त्याच्या आधीच्या शनिवारी तुम्ही घेऊ दिला नाही. त्याच्या आधीचा काढूया."

"आधीचा कुठला? त्याच्यावर नवा बसला न्हवं?"

"छे हो. दर शनिवारचा वेगळा ठेवते मी. पहिल्या शनिवारपासनंचे सगळे आहेत. जुन्यावर नवा बसवायचा तर मग बॅकप कशाला म्हणायचं त्याला?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आता भाऊसोंकडं म्हशीचा एक केस शिल्लक नव्हता, आणि आक्काताईंच्या मशीनवर ती शनिवारागणिक एक, अशी कळपानं उभी होती.

सगळी वरात आक्काताईंच्या टेबलाकडं निघाली. भाऊसो पुढं धावले आणि पडद्याला पाठ लावून उभे राहिले. "ऐकलंस काय," ते म्हणाले, "तू जरा खाली चहाचं बघून ये की."

"चहा आत्ताच झाला."

"मग कारखान्यात एक चक्कर टाक. पोरं बसून ऱ्हात्यात."

"तुम्ही जरा बाजूला व्हा. पोरीला दिसंना झालंय."

रोज नको तेव्हा जाणारी लाईट आज हटून बसली होती. मनालीनं फाइल उघडली. फोल्डर उघडला. जर्मनीच्या नावाखाली वरपासनं खालपर्यंत गुंडू, गुंडू, गुंडू. ‘शिंग बघा’. ‘कास बघा’. ‘चाल बघा’. मनालीचं बोट अडखळलं. प्रसेनजीत छताच्या पंख्याकडं बघायला लागला. भाऊसोंनी डोळे मिटून घेतले.

आक्काताईंनी चलनावरची नजर काढली नाही. "वरनं नको शोधू पोरी. खाली जा. ‘शेपटी बघा’ म्हणून मेल हाय, त्याच्या खालीच जर्मनीवाल्याचं ड्रॉइंग हाय."

तिथंच होतं ते. मनालीनं छापलं, प्रसेनजीतनं कागद उचलला आणि दोघंही असे गेले, की जिना ते उतरले का त्यांनी उडी मारली हे कळलं नाही. खोलीत राहिले नवरा-बायको.

"कवापासनं?" भाऊसोंनी विचारलं.

"गणपतीपासनं. मनाली म्हणाली, बॅकप नुसता ठेवून उपेगाचा न्हाय, अधनंमधनं उघडून बघाय लागतंय, चालतोय का न्हाय. म्हटलं मी बघतो. डाळीच्या डब्याचं झाकण काढून बघतोच की आपण, कीड लागलीया का."

"आणि माझ्याच डब्यात सापडली."

"तुमचाच पहिला उघडलो."

भाऊसोंना राग आला, लाज वाटली, आणि दोन्हींच्या खाली खोल कुठंतरी पाडवा बुडाल्याचं दुःख झालं. ते चिडूनच म्हणाले, "आता मोडच तू सौदा. तेवढंच ऱ्हायलंय."

"तो मोडलाच हाय. सगळे फोटो डाव्या अंगाचे हैत, बघितलासा काय? एक तरी उजवीकडनं हाय?"

भाऊसो आठवायला लागले. शिंग डावं. कपाळ डावीकडनं. चालतानाही डावीकडनंच.

"मी हुपरीला जाऊन बघून आलो. उजवं शिंग मुळापासनं मोडलंय. नजर कुणाला लागतीया? गुंडूला म्हटलं, लबाडा, फोटो पाठवत ऱ्हा खरं, माणूस खूश हाय तेवढाच."

"तू सांगितलंस पाठवाय?"

"मग. मला पण वाचायचं असायचं न्हवं दर शनिवारी."

एवढं बोलून त्यांनी चलनं बाजूला सारली आणि मग आवाज उतरला. "तुमचं बा गेलं त्या दिवशी तुम्ही बंगल्यामागच्या गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडलासा, घरात कुणाम्होरं रडाय आलं न्हाय, असं लिवलंय तुम्ही. मी त्या दिवशी घरातच हुतो. चुलीपुढं. सगळ्यांनी मला सांगितलं, तुझा नवरा लई कठीण काळजाचा हाय. इतकी वर्षं मी तेच धरून बसलो. आणि एवढी मोठी गोष्ट तुम्ही सांगितलासा कुणाला, तर त्या हेड्याला."

भाऊसोंनी पुढं होऊन पडद्यावरचा ‘जर्मनी’ फोल्डर बंद केला.

"मला इचारायचं हुतं," आक्काताई म्हणाल्या.

"तू न्हाय म्हणाली असतीस."

"न्हायच म्हणालो असतो. मग तुम्ही भांडला असतासा. भांडता भांडता तरी मला सांगितला असतासा न्हवं, ते बाचं."

संध्याकाळी घरी जाताना गाडीत ते एकदाच म्हणाले, "लई रडलो हुतो त्या दिवशी." आणि आक्काताईंनी फक्त "व्हय" म्हटलं.

पाडवा उजाडला तो भाऊसोंना अंथरुणातच कडू लागला. पित्ताची गोळी त्यांनी आधीच काढून ठेवली. आक्काताईंनी पाट मांडला, ओवाळलं, भाऊसोंनी तबकात साडीची घडी ठेवली आणि पायात चपला घालायला लागले. जायचं आणि कोपऱ्यात उभं राहून बघायचं, दुसरं आपल्या नशिबात काय आहे? तेवढ्यात फाटकाबाहेर टेम्पो थांबला आणि घुंगरं वाजली.

टेम्पोतनं आक्काताईंचा भाऊ गणपतराव उतरला, आणि त्याच्या पाठोपाठ फळीवरनं एक म्हैस. दोन्ही शिंगं शाबूत, लाल-पिवळी रंगवलेली, कपाळाला मोरपीस, अंगाला तेल असं की त्यात फाटक दिसावं. दाराशी येऊन ती उभी राहिली आणि घराची पाहणी केल्यासारखं तिनं इकडंतिकडं बघितलं.

"मोना म्हणायचं हिला," गणपतराव म्हणाला. "धाकटीनं नाव ठेवलंय. दाजी, बघा की, दोन्ही बाजूंनी बघा."

भाऊसो दोन्ही बाजूंनी बघून आले. मग परत बघून आले. आक्काताई तबक घेऊन पुढं झाल्या, म्हशीच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं. भाऊसोंनी खाकरून घेतलं आणि बापाची जुनी हाक मारली. म्हैस जागची हलली नाही. आणखी जोरात मारली. तिनं शेपटीनं माशी वारली.

"तुमचं न्हाय ऐकायची ती," आक्काताई म्हणाल्या. त्या चार पावलं लांब गेल्या आणि जिभेनं टक् टक् करून, अर्धी कानडी वाटावी अशी एक हाक घातली. म्हैस मान वर करून भरदिशी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. दसऱ्यापासनं त्या दर रविवारी आईच्या गुडघ्याला तेल चोळायला म्हणून कागलला जात होत्या. गुडघा कुणाचा आणि तेल कुणाच्या अंगाला, हे भाऊसोंना आत्ता दिसलं.

शनिवार पेठेत त्या दिवशी रस्त्याला मुंगी शिरायला जागा नव्हती. एकेक फटफटी गरजत येत होती आणि मागं मालकाची म्हैस. त्यातनं आक्काताईंची स्कूटर आली. त्यांनी पदर खोचला होता आणि तोंडानं टक् टक् चालू होतं. मागं मोना शिंगं उभारून धावत होती. आणि दोघींच्या मधे, स्कूटरच्या मागच्या सीटवर, तोंड म्हशीकडं करून, डोक्याला गुलाबी फेटा बांधलेले भाऊसो चौगले बसले होते. माणसं फुटपाथवरनं वाकून बघायला लागली. बायकांनी तर शिट्ट्याच मारल्या. क्षणभर भाऊसोंना वाटलं, उतरून गल्लीबोळात पळून जावं. मग मोनाचा गरम श्वास त्यांच्या गुडघ्याला लागला आणि ते सगळं विसरले.

माडीवरनं कुणीतरी ओरडलं, "भाऊसो, म्हैस कुणाची वो?"

"आमच्या मंडळींची," भाऊसो म्हणाले. आवाज गर्दीत पोचला नाही असं वाटलं म्हणून त्यांनी सीटची कडी धरून, घसा ताणून परत सांगितलं. आणि पुढच्या चौकात कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.